अक्का, तुम्ही अंगावर घेतलंत ते

अक्का,

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. कोहिनूरहून, तुमच्या सासरहून, कुणी आलं नाही. दिवसही दंग्याधोप्याचे आहेत, रस्त्याला निघायला माणसं भितात. तेव्हा तुमचं सगळं इथंच, कमठाण्यात, तुमच्या भावानं केलं. बायका येतात, तुमच्या अव्वाजवळ, आत्याबाईंजवळ, बसतात. तूर निवडता निवडता लेक कशी कलंडली, ते त्यांच्या तोंडून ऐकतात, डोळे पुसतात आणि जातात. मी पाणी देते. मला कुणी काही विचारत नाही. नणंद गेल्यावर भावजयीला विचारण्यासारखं काही नसतं, असं लोकांना वाटत असावं.

माहेरी उदगीरला वडिलांनी मला अक्षरं शिकवली होती. ती ह्या घरात दुसऱ्यांची पत्रं लिहायच्याच कामी आली. तुमचीही पत्रं मीच लिहीत असे. तुम्ही सांगायचात एक आणि मी लिहायची जरा बरं दिसेल असं. आज तसं करणार नाही. मला एका महिन्याबद्दल लिहायचं आहे. त्या महिन्यानंतर आपण अकरा वर्षं एका घरात राहिलो, एका चुलीवर भाकरी भाजल्या, पण त्याबद्दल, तो महिना धरूनही, बोललो ते दोनदाच. दोन्ही वेळा भांडलो.

माणिक तेव्हा आठ महिन्यांचा होता. त्याच्या बाळंतपणात माझं रक्त थांबत नव्हतं आणि सुईण हात जोडून कोपऱ्यात बसली होती, ते तुम्ही पाहिलं होतं. मला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही. ह्यांना नाही, तुम्हालाही नाही. भीती होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. मला नको होतं. तीन पोरं, अंगात रक्त नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. गावाबाहेर एक बाई असं काही करते, हे मला ठाऊक होतं. मी तिच्याकडे गेले. तिनं काय केलं ते लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी पोट मोकळं झालं आणि घरात मी सांगितलं, आपोआप पडलं.

पहिले दोन-तीन दिवस पोटात कळा येत राहिल्या. ह्या येणारच, असं मी धरून चालले होते. चौथ्या दिवसापासून दुसरंच सुरू झालं. लघवीला बसलं की आधी काहीच नाही. मग मिरची लागावी तशी आग आणि चार थेंब. उठून चार पावलं टाकली की पुन्हा लागल्यासारखं. बेंबीच्या खाली जड वाटायचं आणि तिथून दुखणं पाठीत जायचं. आत्याबाई म्हणाल्या, "उन्हाळी लागली आसंल. धनं भिजवून खा. पन पानी लई पिऊ नको, कच्च्या अंगाला पानी चालत न्हाई." मला ते बरंच वाटलं. पाणी प्यालं की पुन्हा तिथं बसावं लागेल, ह्या भीतीनं मी तोंड ओलं करण्यापुरतंच पीत होते.

आपण सगळ्या जणी पहाटे बाभळींच्या आडाला जायचो. बाकीच्या उठून गप्पा मारत परत निघायच्या, मी बसलेलीच. एका पहाटे तुम्ही तांब्या घेऊन थांबला होतात.

"किती येळ बसलीस गं?"

"पायाला मुंग्या आल्या, अक्का."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तशीच मागं राहिले. तुम्ही काही विचारलं नाहीत. बाकीच्या बायकांना म्हणालात, "तुमी व्हा म्होरं, आमी येतो." आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिलात. सूर्य वर आला तरी हलला नाहीत.

त्या दुपारी मला हीव भरून आलं. तुम्ही गोधडी आणून घातलीत आणि गोधडीखाली हात घालून माझं पोट चाचपलंत. बेंबीखाली भोपळ्यासारखं कडक लागत होतं. नुसता हात ठेवलात तरी मी कळवळले.

"शेवटची कदी झाली?"

"काल दुपारी. थोडी."

"आनि सांगायली न्हाईस."

तुम्ही उठून सरळ अंगणात गेलात आणि ह्यांना म्हणालात, "गाडी जुंप. बिदरला न्यायचं हिला." आत्याबाई दारात आल्या. बायकांचं दुखणं सरकारी दवाखान्यात कशाला, लोक काय म्हणतील, असं त्यांचं सुरू झालं. तुम्ही त्यांच्याशी कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता, तेव्हाही नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "अव्वा, लोक ती मेल्यावरबी म्हनतील." गाडीत कडबा घातलात, वर गोधडी टाकलीत. माणिकला आत्याबाईंच्या मांडीवर दिलंत आणि माझ्याशेजारी येऊन बसलात.

कमठाण्याहून बिदर काही लांब नाही. पण त्या लाल मातीच्या रस्त्यावरची एकेक चाकोरी मला पोटात कळत होती. तुम्ही माझ्या कमरेखाली तुमची मांडी दिली होती. मध्ये मी गाडी थांबवायला सांगितली. तुम्ही मला धरून झुडपामागं नेलंत आणि मी किती वेळ तरी बसले. काहीही झालं नाही. हे जुवाशी उगाच काहीतरी करत उभे होते. आपण परत आलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण गाडी पहिल्यापेक्षा हळू हाकली. तुम्ही त्यांना म्हणालात, "हळू नगं. बिगी हाक. दुखंल तेवढं दुखंल."

दवाखान्यातली जनाना खोली मला अजून आठवते. चुना मारलेल्या भिंती आणि उंच खाट. डॉक्टरीणबाई दक्खनी बोलायच्या, मला ती नीट यायची नाही, तुम्हाला यायची. त्यांनी पोटावर बोटं ठेवली आणि नर्सबाईला रबराची नळी उकळून आणायला सांगितली. नळी घातली तेव्हा मी तुमचं मनगट धरलं होतं. नंतर कितीतरी दिवस तिथं काळं-निळं होतं. मग एकदम ते जड ओझं उतरायला लागलं. पितळी तसराळं भरलं, दुसरं आणावं लागलं. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "एवढं कुटं ठिवलं हुतंस गं?" नर्सबाईला मराठी येत असावी, ती हसली. मी रडत होते, तशीच हसायला लागले.

मग डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हात धुता धुता त्यांनी तुम्हाला विचारलं, "अपने आप गिरा, या गिराया? सच बोल अम्मा. मेरेकू इलाज करना है."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी भिंतीकडे तोंड केलं.

"गिराया," तुम्ही म्हणालात. "मेरेकू मालूम है."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. त्यांनी आरडाओरडा केला नाही, पोलिसाचं नाव काढलं नाही. आत थोडं राहिलं आहे, ते नासलं आहे, त्यानंच पोट सुजून ताप चढला आणि लघवीचीही वाट बिघडली, असं त्यांनी तुम्हाला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत साफ केलं. कागदावर त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही. उर्दूत होतं.

आठ दिवस आपण तिथं होतो. पहिले तीन दिवस दोन वेळा नळी. मग नळी बंद केली आणि आता आपणहून व्हायला पाहिजे म्हणाल्या. ते नळीपेक्षा अवघड निघालं. आग होती आणि आगीपेक्षा आगीची धास्ती जास्त होती. बसले की सगळं अंग आवळून यायचं. तुम्ही न्हाणीत माझ्याशेजारी उभ्या राहून तांब्यातून पाणी बारीक धारेनं फरशीवर सोडायला लागलात. "ह्याचा आवाज आयक, माजं तोंड बगू नको," म्हणालात. तीन तांबे ओतलेत. चौथ्याला झाली. तुम्ही बाहेर जाऊन नर्सबाईला असं सांगितलंत, जसं घरात कुणाला मुलगा झाला आहे.

दुखणं कमी झालं तशी मला बोलायची ताकद आली. खाटेशेजारी खाली तुम्ही जेवायला बसला होतात, तेव्हा मी विचारलं, "तुमाला कसं कळलं?"

"तुज्या लुगड्याच्या काठाला पांढरी माती हुती. आपल्या शिवारात समदी लाल. पांढरी माती त्या चुनभट्टीकडंच हाय. आनि तिथं ती बाई ऱ्हाती."

"मग तवाच कामून बोलला न्हाईत?"

"तू सांगशील म्हून."

थोडा वेळ तुम्ही भाकरी खाल्लीत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "केलंस ते मला पटलं न्हाई, गोदा."

"मेले असते मी."

"आता काय करायली हुतीस?"

 तुम्ही ताट बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, "मला द्यायचं. मी सांबाळलं आसतं." तुम्हाला चौदाव्या वर्षी कोहिनूरहून कायमचं परत आणलं होतं. तेव्हापासून दुसऱ्यांची पोरं तुमच्या कडेवर होती, हे मला माहीत होतं. तरी मला राग आला. मी कूस बदलली आणि दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही मात्र दर दोन तासांनी तांब्या घेऊन येत होतात.

निघायच्या दिवशी तुम्ही माझी वेणी घालत होता. म्हणालात, "घरी इचारतील, कशानं पडलं म्हून. इतके दिवस दवाखान्यात ठिवलं म्हनल्यावर अव्वाला संशय यील. तू तोंड उगडू नको. मी सांगते, मीच हिला ज्वारीचं पोतं धरायला लावलं म्हून."

"तुमच्यावर कशाला घेता?"

"मला काय करतील? मला कुटं सासरी धाडायचंय?"

मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं नाही. वेणीची गाठ मारून होईपर्यंत गप्प बसले, आणि घरी आल्यावर तुम्ही आत्याबाईंपुढं तसं सांगितलंत तेव्हाही गप्प बसले.

घरी महिनाभर चाललं. ताप गेला होता, पण खाली जड वाटायचं, जरा जास्त उभं राहिलं की पोटात ओढ बसायची आणि लघवी संपताना शेवटी एक कळ यायची. डॉक्टरीणबाईंनी पाणी पुष्कळ प्यायला सांगितलं होतं आणि आत्याबाई तर पाण्याची घागर जवळ ठेवू देत नव्हत्या. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. पोरांना पाणी देते म्हणून तांब्या आत आणायचात आणि मला प्यायला लावायचात. पोटाला शेकायला वीट तापवून फडक्यात बांधून द्यायचात. ती गार झाली की न सांगता दुसरी यायची. पहाटे मी बसले की तुम्ही पाठ करून उभ्या राहायचात आणि हातातल्या तांब्यातून उगाच थोडं पाणी मातीवर सोडायचात.

एका दिवशी मी जाऊन आले, हात धुतले, चुलीपाशी बसले आणि मग माझ्या ध्यानात आलं की आज काहीच दुखलं नाही. मी तुम्हाला हळूच म्हटलं, "अक्का, आज कळलंच न्हाई." तुम्ही म्हणालात, "मग सांगायलीस काय? भाकरी टाक." पण पीठ मळताना तुम्ही दोनदा डोळे पुसलेत. चुलीत ओली लाकडं होती, तेव्हा धुराचंही असेल.

आत्याबाईंनी तुम्हाला मारलं नाही की हाकललं नाही. त्यांनी फक्त तुमच्या हातून काही गोष्टी काढून घेतल्या. गावात कुणाच्या घरी बारसं असलं की तुम्ही मागं राहायचं. बाळंतिणीला खायला तुम्ही द्यायचं नाही. पाहुण्या बायकांसमोर त्या म्हणायच्या, "हिचा हात जड. माजं एक नातवंड गेलं हिच्यापायी." तुम्ही तिथंच बसलेल्या असायचात, शेंगा फोडत किंवा वाती वळत. एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत. बघितलं असतंत तर मी बोलले असते, असं मी मनाला सांगत आले. ते खरं नाही.

चार वर्षांनी कमळी झाली. ह्या वेळी सगळं सरळ झालं. आत्याबाईंनी तुम्हाला बारा दिवस खोलीत येऊ दिलं नाही. माझी तिन्ही पोरं तुम्ही पायावर घेऊन न्हाऊ घातली होतीत, आणि हिला बघायला तुम्हाला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागलं. पाचव्या दिवशी तुम्ही उंबऱ्याशी आलात आणि म्हणालात, "कान कुणावर गेलेत गं? इथून दिसंना." मी पोरीला उचलून कान दाखवले. तेवढंच केलं. उठून तुमच्या हातात दिली नाही.

दुसरं भांडण त्यानंतरचं. कमळी रांगत होती, तिला खेळवता खेळवता तुम्ही सहज म्हणालात, "ते आसतं तर आता चार वर्साचं आसतं." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पोर तुमी सांबाळलं आसतं अक्का, माजं बाळंतपन कुनी सांबाळलं आसतं? मी उरले नसते तर ही कमळी कुटून आली आसती?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुजं बरोबर आसंल. पटत न्हाई, एवढंच." आणि कमळीला घेऊन अंगणात गेलात. मी ते भांडण मनात कितीदा तरी पुढं नेलं. प्रत्येक वेळी मीच जिंकायची. पण समोर तुम्ही असलात की मला तो विषय काढता यायचा नाही, कारण जिच्याशी भांडायचं तीच माझ्यासाठी खाली मान घालून बसलेली असायची.

*

इथवर लिहून ठेवलं होतं. मध्ये चार-पाच दिवस गेले. पुढचं आज लिहिते.

दहाव्याला बायका बसल्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "माजी पोर चांगली हुती. कामाला वाघीन. एकच डाग लागला तिला, माजं नातवंड घालवलं." बायकांनी माना हलवल्या.

मी पाण्याची घागर खाली ठेवली आणि म्हटलं, "आत्याबाई, अक्कांनी घालवलं न्हाई. मी घालवलं. औशद घिऊन. पोतं-बितं काई न्हवतं."

 आत्याबाईंना आता कमी ऐकू येतं, म्हणून मला वाटलं, त्यांना कळलं नाही. मी पुन्हा म्हणणार होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मग तिनं तसं कामून सांगितलं?"

"मला वाचवायला."

"आनि तू अकरा वर्सं आयकत बसलीस."

"व्हय."

"उट," त्या म्हणाल्या. "माज्याम्होरून जा."

मी उठून गोठ्यात गेले. हे तिथं बैलांपुढं वैरण टाकत होते. ओसरीवरचं बोलणं तिथं ऐकू येतं. त्यांनी हातातली वैरण टाकून संपवली. मग म्हणाले, "बिदरहून आल्यावर अक्का मला शेतात गाठून बोलली हुती."

"काय?"

त्यांना ते सांगणं जड जात होतं. "म्हनली, गोदीला आता दोन वर्सं तरी दिवस जाऊ दिऊ नको. ती वाचनार न्हाई. तुजं अंथरून ओसरीवर टाक. अव्वा इचारली तर माजं नाव सांग."

अक्का, त्या आजारानंतर दोन वर्षं ह्यांचं अंथरूण ओसरीवर असायचं. मला वाटायचं, त्या दिवसांचा वास, ती नळी, तो गाडीतला प्रवास, ह्या सगळ्याची त्यांना किळस बसली आहे. मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आणि तुम्ही, भावासमोर पदर नीट केल्याशिवाय उभ्या न राहणाऱ्या, त्याला हे सांगायला एकट्या शेतात गेलात. माझं केलेलं तुम्हाला पटलं नव्हतं, शेवटपर्यंत पटलं नाही. पण ते मला पुन्हा करावं लागू नये एवढी तजवीज तुम्ही करून ठेवली होती. मी चार वर्षं सुटले ते नशिबानं, असं समजत होते.

मी तिथंच गोठ्यात बसले. हे माझ्याजवळ उभे राहिले. नंतर म्हणाले, "तूबी मला सांगायचं हुतंस." मी म्हटलं, "व्हय." ते बरोबर बोलले.

आत्याबाईंनी त्या दिवसापासून माझ्या हातचं खाल्लेलं नाही. शेजारच्या घरून भाकरी येते. माझ्याशी बोलत नाहीत, मी समोर आले की जपमाळ काढतात. गावात काय बोललं जात असेल ते मला माहीत आहे. परवा विहिरीवर दोघी जणी मला बघून थांबल्या.

काल तेरावा झाला. जेवणं उरकल्यावर बायका उठायला लागल्या तेव्हा आत्याबाईंनी त्यांना थांबवलं. काठी टेकून उभ्या राहिल्या. मी दाराशी होते, माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. म्हणाल्या, "समद्या जनी आयका. मी माज्या लेकीला लई बोलले. ते खोटं हुतं. तिचा हात हलका हुता. जिला जिला सांगितलं, तिला तिला आता हे सांगा." मग खाली बसल्या आणि कमळीला जवळ घेतलं.

माझ्याशी अजून बोलत नाहीत. ते चालेल, अक्का.

तुमची,
गोदा